फ्रीजरमधलं दूध दर वेळी नासतं? आधी कुठं बिनसतंय ते बघा

गावाला जाताना रतीब बंद करायचा राहून जातो. महालक्ष्म्यांच्या जेवणाला मागवलेलं दूध निम्मं उरतं. ईदच्या आदल्या रात्री भाव चढायच्या आत शीरखुर्म्यासाठी दोन पिशव्या जास्तीच्या आणलेल्या असतात. कारण काहीही असो, घरात दोन-तीन लिटर दूध शिल्लक राहतं आणि कुणीतरी म्हणतं, "फ्रीजरला टाका की." टाकतात. आठ-दहा दिवसांनी काढून गॅसवर ठेवतात, उकळी यायच्या आतच भगुण्यात चोथा आणि पाणी वेगळं होतं. पुढच्या वेळी उरलेलं दूध सरळ मोरीत जातं, कारण "फ्रीजरचं दूध नासतंच" हे एव्हाना घरात पक्कं झालेलं असतं.

तसं काही नाही. नीट गोठवलेलं दूध चहाला, खिरीला, दह्याला बिनदिक्कत चालतं. ज्यांचं पुन्हा पुन्हा नासतं, त्यांच्याकडे बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एक तर दूध फ्रीजरमध्ये जायच्या आधीच उतरायला लागलेलं होतं, नाहीतर लाईट गेल्यावर ते मधेच वितळून परत गोठलं आणि कुणाला पत्ताच लागला नाही. बाकीची कारणं आहेत, पण ती या दोघांच्या मागून येतात.

खरंच नासलंय का?

वितळलेलं दूध दिसायला चांगलं नसतंच. दूध घट्ट गोठलं की पिवळट दिसतं, ते बघून घाबरायचं कारण नाही. वितळल्यावर वर तुपकट थेंब किंवा सायीचे पांढरे तुकडे तरंगतात, खाली पाणचट दिसतं. याचं कारण स्निग्धांशात आहे. दुधात स्निग्धांशाचे बारीक कण एका पातळ आवरणात गुंडाळलेले असतात. बर्फाचे खडे वाढताना ते आवरण फाटतं, आतलं तूप बाहेर येतं आणि एकत्र होतं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण 6 ते 8 टक्के, गाईच्या दुधात साडेतीन ते साडेचार. म्हणून म्हशीचं दूध जास्त वेगळं होतं. पिशवीच्या टोन्ड दुधात 3 टक्केच स्निग्धांश असतो, त्यामुळे ते बरंच एकजीव राहतं. फुल क्रीमची पिशवी 6 टक्क्यांची, तिचं वागणं म्हशीच्या दुधासारखं.

शेजारच्या काकू एकदा भगुणं हातात घेऊनच आल्या. "बघ गं, नासलं का हे? ओतून देऊ का?" वर पांढरे चट्टे तरंगत होते. त्यातला एक चिमटीत धरला आणि बोटांवर चोळला. तो विरघळून बोटं तुपकट झाली. "काकू, नासलं नाही, साय सुटलीये. रवी फिरवा आणि मंद आचेवर ठेवा." त्यांनी तिथंच ओट्यापाशी उभं राहून रवी फिरवली. वर थोडा तुपकटपणा राहिला, दूध मात्र फुटलं नाही.

ही चिमटीची खूण लक्षात ठेवा. तुकडा चोळल्यावर पसरला आणि तुपकट लागला तर तो स्निग्धांश आहे, दूध वापरा. तुकडा पसरला नाही, चोथ्यासारखा दाणेदार राहिला आणि भोवतीचं पाणी हिरवट-पिवळं दिसलं, तर ते फुटलेलं आहे. त्याला आंबूस वास येत असेल तर वाद संपला.

तिसरा एक प्रकार मधला आहे. वास चांगला, चव चांगली, पण दूध रवाळ लागतं आणि तापवलं की बारीक कण दिसतात. हे दूध खराब झालेलं नसतं, नीट गोठलेलं नसतं. त्याबद्दल पुढे.

फ्रीजरमध्ये ठेवण्याआधीची पळी

थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. दुधात तोवर जितका आंबटपणा तयार झाला असेल तो जसाच्या तसा गोठतो, आणि वितळायला लागलं की जंतू पुन्हा कामाला लागतात. ताज्या दुधाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, 6.6 ते 6.8 च्या आसपास असतो; आकडा जितका कमी, तितकं दूध आंबट. तो थोडा जरी खाली आला तरी दूध चवीला गोडच लागतं, पण उकळी सोसत नाही. परभणी-नांदेडला एप्रिल-मेमध्ये पारा 42-44 वर असतो. सकाळी सहाला आलेलं दूध दहा वाजेपर्यंत ओट्यावर राहिलं, दुपारी फ्रीजमध्ये गेलं, दुसऱ्या दिवशी "आता संपत नाही" म्हणून फ्रीजरला गेलं, तर ते आपण नासायच्या बेतात असतानाच गोठवलं.

दूध संकलन केंद्रावर एक साधी चाचणी करतात, ती घरी जशीच्या तशी करता येते. पळीत किंवा छोट्या वाटीत दोन चमचे दूध घ्या आणि गॅसवर उकळा. पळीला कण धरले, दूध फाटलं, तर ते भगुणं फ्रीजरला अजिबात टाकू नका. त्याच वेळी लिंबू पिळून पनीर करा किंवा कलाकंदाच्या नादी लागा. पळीतलं दूध सरळ उकळलं तरच पुढे जा. हे करायला मिनिटभर लागतं, आणि माझ्या मते निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

या चाचणीला एक चोरवाट आहे. उन्हाळ्यात दूध टिकावं म्हणून काही ठिकाणी त्यात खाण्याचा सोडा टाकतात. सोड्याने आंबटपणा मारला जातो, त्यामुळे पळीतलं दूध फुटत नाही, पण जंतू असतात तितकेच असतात. विक्रीच्या दुधात असं काही मिसळायला कायद्याने परवानगी नाही. घरीही "गोठवताना चिमूटभर सोडा टाक, फुटत नाही" हा सल्ला फिरतो. तो ऐकू नका. दूध शिळं झाल्याची जी एक खूण आपल्याला मिळते, तीच त्याने झाकली जाते.

सुट्टं दूध असेल तर कच्चं गोठवू नका. कच्च्या दुधात लायपेझ नावाचं, स्निग्धांश तोडणारं विकर (एन्झाइम) असतं. गोठताना स्निग्धांशाची आवरणं फाटली की त्याला तूप आयतंच मिळतं, आणि काही दिवसांनी दुधाला साबणासारखा खवट वास येतो. दूध फुटत नाही, पण तोंडात धरवत नाही. उकळल्यावर हे विकर निकामी होतं. पिशवीचं दूध पाश्चराइज्ड, म्हणजे कारखान्यात 72 अंशांवर 15 सेकंद तापवून आलेलं असतं, त्यामुळे तो प्रश्न तिथे जवळपास नसतो. पिशवी आणली त्याच दिवशी ते न तापवताही गोठवता येतं. चार दिवस फ्रीजच्या दारात ठेवून मग नको.

उकळल्यावर साय काढून घ्या. ती तशीही लोण्याच्या डब्यात जाते. साय काढलेलं दूध वितळल्यावर कमी फाटल्यासारखं दिसतं, आणि घरातली म्हातारी माणसं नाक मुरडत नाहीत.

आता गार करणं. गरम भगुणं फ्रीजरमध्ये ठेवलं तर शेजारचा बर्फ सुटतो आणि दूधही सावकाश गोठतं. ओट्यावर निवत ठेवलं तर 40 अंशांच्या घरात ते तासन् तास कोमटच राहतं, आणि कोमट दूध म्हणजे जंतूंची चंगळ. म्हणून भगुणं परातीत पाणी घालून त्यात ठेवा आणि दूध पळीने हलवत राहा. मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणीच चटके देतं, त्या पाण्याने काहीही गार होत नाही. माठातलं पाणी घ्या, नाहीतर हे काम पहाटेवर ठेवा. परातीतलं पाणी नंतर तुळशीला, कुंडीला घाला, आपल्याकडे ते ओतून देण्याइतकं स्वस्त नाही. दूध निवलं की तासभर खालच्या फ्रीजमध्ये आणि मग फ्रीजरमध्ये.

तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात दूध ठेवू नका. तांब्याच्या स्पर्शाने स्निग्धांश खवट होतो.

पिशवी फुटली, डब्याचं झाकण उचललं

पाणी गोठलं की जवळपास 9 टक्के फुगतं. गाईच्या दुधात 87 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे दूधही तसंच फुगतं. एक लिटरच्या डब्यात 900 मिलीच्या वर भरू नका. काठोकाठ भरलेला डबा झाकण उचलणार आणि काचेची बाटली तडकणार. काचेची बाटली मुळात वापरूच नका, तिची अरुंद मान सगळ्यात आधी जाते.

पिशवी तशीच ठेवली तर ती शिवणीवर उसवते. फुटलेली लगेच दिसली तर बरं. बारीक भोक पडून दूध आतल्या आत पाझरतं आणि बर्फाच्या थरात मिसळतं, तेव्हा आठवड्याने सगळ्या फ्रीजरला वास मारतो. ठेवायचीच असेल तर एका पसरट ताटलीत, दुसऱ्या पिशवीत घालून ठेवा.

आणि एक गोष्ट जीव तोडून सांगते. एकदारी फ्रीजमध्ये पिशवी मागच्या भिंतीला चिकटून बसते. तिला सुरीने, उलथन्याने खरवडू नका. त्या पत्र्याच्या आतूनच गॅसच्या नळ्या जातात. नळीला टोक लागलं की गॅस उडून जातो, आणि दुरुस्तीचं बिल कित्येक महिन्यांच्या दुधाच्या बिलापेक्षा मोठं येतं. फ्रीज बंद करा, दार उघडं ठेवा, पिशवी आपोआप सुटते.

रवाळ का होतं

आता मघाच्या तिसऱ्या प्रकाराकडे येऊ. दूध एकदम गोठत नाही. उणे अर्ध्या अंशाच्या जरा खाली त्यातलं पाणी बर्फ व्हायला लागतं, आणि उरलेल्या द्रवात क्षार, साखर आणि प्रथिनं दाट होत जातात. गोठणं जितकं सावकाश, तितका वेळ प्रथिनं त्या दाट खारट द्रवात पडून राहतात. दुधातली साखर खड्यांच्या रूपात बसते, कॅल्शियमचे क्षार वेगळे होतात आणि केसीन, म्हणजे ज्याचं पनीर होतं ते प्रथिन, गुठळ्या धरायला लागतं. उणे 18 अंशांवर हे फार हळू घडतं. उणे 5 ते उणे 10 च्या दरम्यान ते बरंच वेगात घडतं.

आपल्याकडच्या घरांमध्ये बहुतेक एकदारी फ्रीज असतात, आणि त्यातला वरचा छोटा कप्पा उन्हाळ्यात बऱ्याचदा उणे 18 गाठतच नाही. बर्फ होतो, म्हणून आपण समजतो फ्रीजर चांगला चालतोय. थर्मामीटर नसेल तर आइस्क्रीमचा कप ठेवून बघा. रात्रभराने चमचा सहज घुसत असेल तर तुमचा कप्पा दूध महिनाभर ठेवण्याच्या लायकीचा नाही. तिथे दूध आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत वापरून टाका. आइस्क्रीम दगडासारखं राहत असेल तर महिना, दोन महिने हरकत नाही.

कप्पा बदलता येत नसला तरी गोठण्याचा वेग वाढवता येतो. दूध जाड डब्यात एकगठ्ठा ठेवू नका. पाव-पाव लिटर जाड पिशव्यांमध्ये भरा, हवा काढा, तोंड बंद करा आणि स्टीलच्या ताटलीवर आडव्या पसरून ठेवा. दोन बोटं जाडीचा थर काही तासांत गोठतो, लिटरचा डबा आतून रात्रभर मऊच राहतो. ताटली मागच्या भिंतीला टेकवा. गोठल्यावर पिशव्या वह्यांसारख्या उभ्या लावता येतात, जागाही वाचते. चहापुरतं हवं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये वड्या करा आणि गोठल्यावर डब्यात काढा. एका चहाला तीन-चार वड्या लागतात.

कप्प्यात बोटभर बर्फ साठलेला असेल तर आधी तो काढा. तो थर थंडावा दुधापर्यंत पोचू देत नाही. पण बर्फ काढताना एकदारी फ्रीजचं मधलं बटण दाबलं आणि आत दूध तसंच राहिलं, असं दर दोन घरांत घडतं. बटण दाबणारा एक, दूध ठेवणारी दुसरी, आणि महिनाभर दोघंही गवळ्याला नावं ठेवतात.

लाईट गेली तेव्हा काय झालं

गोठलेलं दूध वितळून पुन्हा गोठलं की वरच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. पहिल्यांदा फाटलेली आवरणं दुसऱ्यांदा आणखी फाटतात, जंतूंना मधे मोकळीक मिळते, गुठळ्या वाढतात. तरी बाहेरून बघायला ती पिशवी अगदी कडक आणि व्यवस्थित असते.

खेड्यात, वस्तीवर रात्रीची लाईट किती वेळ गेली हे झोपलेल्याला कळत नाही. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. वाटीत पाणी घालून बर्फ करा, वर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी दुधाशेजारी ठेवून द्या. नाणं बर्फावरच दिसलं तर काही झालं नाही. नाणं बर्फात रुतलं असेल तर काही वेळ वितळण झाली होती. नाणं तळाशी गेलं असेल तर सगळं वितळून परत गोठलंय, ते दूध प्यायला किंवा खिरीला ठेवू नका. ही वाटी कायमची तिथेच राहू द्या. कोजागिरीची कुल्फी असो नाहीतर भाजलेली वांगी, तिचा उपयोग सगळ्यांना होतो.

मोठ्या डीप फ्रीजरबद्दल असं सांगतात की दार बंद ठेवलं तर भरलेला फ्रीजर 48 तास आणि अर्धा भरलेला 24 तास तग धरतो. एकदारी फ्रीजच्या कप्प्याला हे हिशोब लावू नका. तो लहान, त्याचं दार पातळ, आणि मुलं पाणी घ्यायला दर पाच मिनिटांनी फ्रीज उघडणार. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून ठेवा. त्या गोठल्या की लाईट गेल्यावर थंडी धरून ठेवतात, आणि उन्हाळ्यात त्याच शेतावर न्यायलाही कामी येतात. जिथे व्होल्टेज कमी येतं तिथे आणखी एक घोटाळा होतो. दिवा लागलेला असतो, फ्रीजमधला बल्बही लागतो, पण कॉम्प्रेसर उचलत नाही. कान देऊन ऐका. संध्याकाळभर घरघर ऐकू आली नसेल तर स्टॅबिलायझर बघून घ्या, दुधाला दोष देऊन उपयोग नाही.

लाईट जायची वेळ ठरलेली असेल तर त्याच्या आदल्या दोन-तीन तासांत नवं दूध फ्रीजरला ठेवू नका. अर्धवट गोठलेलं दूध सगळ्यात वाईट अवस्थेत सापडतं.

वितळवण्यातली घाई

रात्री पिशवी फ्रीजरमधून खालच्या फ्रीजमध्ये ठेवली की सकाळी दूध तयार. पसरट पिशवीला काही तास, लिटरच्या डब्याला जवळपास अख्खा दिवस लागतो. ओट्यावर ठेवू नका. बाहेरचं दूध कोमट होऊन आंबायला लागतं, तोवर आत गड्डा तसाच असतो. घाईच असेल तर पिशवी गार पाण्याच्या भगुण्यात बुडवा आणि पाणी एकदा-दोनदा बदला. नळाखाली धरा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तिथल्या माणसाला दूध वितळवायला नळ सोडून ठेवा म्हणून सांगायचं तोंड मला नाही.

इथे एक गंमत घडते. वितळताना आधी सुटतो तो दाट, साखर आणि क्षारांनी भरलेला भाग, आणि शेवटी उरतं ते निव्वळ पाणचट बर्फ. घाईत पहिलं सुटलेलं दूध चहाला ओतून घेतलं की चहा मस्त दाट होतो. दुपारच्या चहाला उरलेलं वापरलं की पाणी. "गवळी पाणी घालतोय" असं मग खुशाल ठरवलं जातं. सगळं वितळू द्या, रवी फिरवा, मगच ओता.

तापवताना एकदम मोठा गॅस नको. मंद आचेवर ठेवून पळीने हलवत राहा. तळाशी बसलेले कण लागले की दूध करपतं आणि तेही नासल्यासारखं दिसतं. वितळलेलं दूध दोन दिवसांत संपवा, पुन्हा फ्रीजरला टाकू नका.

चहातच फुटतं, एरवी नाही

ही तक्रार फ्रीजरच्या माथी मारली जाते, पण खरा आरोपी बहुतेक आलं असतं. आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं. कच्चं आलं किसून दुधात टाकलं की ताजं दूधही फुटू शकतं, आणि गोठवून अशक्त झालेलं दूध तर हमखास. पाण्यात आलं, चहापत्ती घालून चांगली उकळी येऊ द्या, त्या उष्णतेने विकर निकामी होतं, मग दूध घाला.

गुळाच्या चहाचंही तेच. ऊसपट्ट्यात घरोघरी गुळाचा चहा असतो, आणि गुळात थोडी आम्लता आणि बरेच क्षार असतात. गॅस बंद करा, कप भरा, मग गूळ घालून ढवळा. दूध आणि गूळ एकत्र उकळू नका. एवढं केल्यावरही फुटत असेल तर मात्र दुधाकडे बघा.

गोठवलेलं दूध नुसतं ग्लासभर प्यायला कुणाला आवडेल असं मला वाटत नाही. खीर, शेवया, बासुंदी, चहा, कढीसाठीचं दही, पनीर यात त्याचं काही बिघडत नाही. दही थोडं सैल लागतं, त्याला विरजण किंचित जास्त घाला. पनीर भुसभुशीत होतं, भुर्जीला छान. तान्ह्या बाळाला हे दूध देऊ नका.

पिशवीवर तारीख लिहायला विसरू नका. साधी चिकटपट्टी आणि पेन पुरतं. महिन्याभराने तीन पिशव्या एकसारख्या दिसतात आणि मग आधी वापरायची ती सगळ्यात मागे सापडते.

दीड लिटरच्या वर उरलं तर

मला विचाराल तर लिटर-दीड लिटरच्या पुढे दूध गोठवण्याच्या फंदात पडू नका. एकदारी फ्रीजचा कप्पा एवढं दूध एका वेळी झटपट गोठवू शकत नाही, आणि सावकाश गोठवलं की रवाळ होणार. त्याऐवजी खवा करा. धाराशिव जिल्ह्यात भूम, कुंथलगिरीकडे हेच तर करत आलेत. जास्तीचं दूध भट्टीवर आटवून खवा करायचा. म्हशीच्या एक लिटर दुधाचा साधारण 200 ते 225 ग्रॅम खवा पडतो, गाईच्या दुधाचा पावणेदोनशेच्या आसपास. दोन लिटरचा ऐवज एका मूठभर डब्यात मावतो, आणि त्यात पाणी इतकं कमी असतं की बर्फाचे खडे त्याचं फारसं बिघडवू शकत नाहीत. पातळ थापून, घट्ट गुंडाळून ठेवला की फ्रीजरमध्ये दुधापेक्षा कितीतरी चांगला राहतो. गॅस जळतो, तासभर ओट्यापाशी उभं राहावं लागतं, हे खरं. घरात चूल किंवा शेगडी असेल तर तीच पेटवा.

आणि दूध आधीच फुटलं असेल, पण वास आंबूस नसेल, तर ते गाळून घ्या. चोथ्यात साखर घालून परता, वेलदोडा टाका, मुलं वाटी चाटून पुसून ठेवतात. गाळलेल्या पाण्यात कणीक मळा किंवा वरणात घाला. वास आंबूस, कडवट येत असेल तर तो चोथा कुणाला खाऊ घालू नका, गाई-म्हशीलाही नको. उकिरड्यावर टाकून वरून माती ओढा.